पडद्याआड तेल, बाहेर हँडेल

इंग्रजीत राजाचं ‘कॉरोनेशन’ होतं. त्या शब्दातच मुकुट आहे. आपण मात्र ‘राज्याभिषेक’ म्हणतो. रायगडावर १६७४ च्या जूनमध्ये जे झालं त्याला कुणी मुकुटधारण म्हणत नाही, शिवराज्याभिषेकच म्हणतात. गंमत अशी की इंग्रजांच्या सोहळ्यातही सगळ्यात पवित्र मानलेला भाग मुकुटाचा नाही, अभिषेकाचाच आहे. फक्त तिथे पाण्याऐवजी तेल. ज्या गाण्याबद्दल मी लिहायला बसले आहे ते बरोबर याच तेलाच्या वेळचं आहे. त्यामुळे या लेखापुरता तरी आपला शब्द त्यांच्या शब्दाहून नेमका.

६ मे २०२३. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतून तिसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकाचं थेट प्रक्षेपण चालू होतं. आपल्याकडे चहाची वेळ. आई बशीत चहा ओतत टीव्ही बघत होती. राजाच्या अंगावरचे जड झगे एकेक करून उतरवले, तो नुसत्या पांढऱ्या सदऱ्यावर राहिला, आणि भरतकाम केलेले पडदे आणून त्याला तीन बाजूंनी झाकून टाकलं. “अगं, मुख्य तेच झाकलं की!” आई म्हणाली. तिचं बरोबरच होतं. १९५३ साली एलिझाबेथ राणीच्या वेळीही या क्षणाला कॅमेऱ्यांनी नजर वळवली होती. सगळा सोहळा जगाला दाखवतात, पण तेल लावताना दाखवत नाहीत.

मग त्या वेळात लोकांनी करायचं काय? ऐकायचं. व्हायोलिनं कधीची हळूहळू काहीतरी विणत होती, कुठे जायचं ते सांगत नव्हती. आणि अचानक गायकांचा असा लोट आला की आईची बशी तोंडाशीच थांबली. ते गाणं म्हणजे ‘झेडॉक द प्रीस्ट’. जॉर्ज फ्रेडरिक हँडेलनं १७२७ मध्ये केलेलं. तेव्हापासून ब्रिटनमध्ये जितके राज्याभिषेक झाले, त्या प्रत्येकात ते गायलं गेलं. २०२३ चा दहावा.

या प्रकाराला ‘अँथम’ म्हणतात. आपल्या कानाला अँथम म्हटलं की राष्ट्रगीत आठवतं, सावधान उभं राहायचं ते. पण इंग्लंडच्या चर्चमध्ये या शब्दाचा मूळ अर्थ वेगळा आहे. प्रार्थनेच्या ठरलेल्या क्रमात एका जागी गायकवृंद बायबलमधलं एखादं वचन इंग्रजीत गातो, ते अँथम. जमलेल्या लोकांनी गायचं नसतं, गायक गातात आणि बाकीचे ऐकतात. आपल्याकडच्या आरतीसारखं ते सगळ्यांचं नाही; कीर्तनात बुवा पूर्वरंगाचा अभंग घेतात तेव्हा आपण जसे ऐकत बसतो, तसं म्हणा हवं तर. हा शब्द राष्ट्रगीताला पुढे चिकटला. ‘गॉड सेव्ह द किंग’ हे आज आपल्याला माहीत असलेलं गाणं लंडनच्या नाटकगृहांत लोकांच्या तोंडी बसलं १७४५ मध्ये. हँडेलच्या या रचनेत हेच तीन-चार शब्द त्याच्या अठरा वर्षं आधी, अगदी वेगळ्या सुरांत गर्जून गेले होते.

शब्द बायबलच्या जुन्या करारातले, ‘१ राजे’ या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायातले. ‘झेडॉक द प्रीस्ट’ म्हणजे मराठी बायबलमधला सादोक याजक, अर्थात पुरोहित; त्याच्यासोबत तिथे नाथान संदेष्टा आणि शलमोन येतात. गोष्ट चांगलीच राजकारणी आहे. दावीद राजा म्हातारा झालाय, कितीही पांघरुणं घातली तरी त्याला ऊब येत नाही. ही संधी साधून त्याचा मुलगा अदोनीया परस्पर स्वतःला राजा म्हणवून घेतो आणि मेजवान्या झोडतो. नाथान आणि शलमोनाची आई बथशेबा दाविदाच्या कानावर हे घालतात. दावीद हुकूम देतो. शलमोनाला राजाच्या स्वतःच्या खेचरावर बसवून गीहोनला नेतात, सादोक तेलाचं शिंग घेऊन त्याला अभिषेक करतो, शिंगं फुंकली जातात, लोक पावे वाजवत एवढा जल्लोष करतात की त्या आवाजानं जमीन दुभंगली असं मूळ वचन म्हणतं. तिकडे अदोनीयाच्या मेजवानीत हा गलका ऐकू जातो आणि पाहुणे काढता पाय घेतात.

म्हणजे गादीवर दोघांचा डोळा असताना तेल कुणाच्या डोक्यावर पडलं त्यावर निकाल लागला. राजेलोकांना हे वचन का आवडत असेल ते वेगळं सांगायला नको. इंग्लंडच्या राज्याभिषेकात ते सन ९७३ पासून, एडगर राजाच्या वेळेपासून आहे. हँडेलच्या आधीही त्याला चाली लागल्या होत्या. १६६१ मध्ये दुसऱ्या चार्ल्सच्या वेळी हेन्री लॉझ यानं केलेली होती. त्या चाली आज अभ्यासक सोडले तर कुणी ऐकत नाही.

हँडेल इंग्रज नव्हता, हे या कथेतलं मला सगळ्यात मजेशीर वाटतं. जन्म १६८५ चा, जर्मनीतल्या हालं गावचा. ऐन विशीत इटलीत राहून ऑपेरा शिकला, मग लंडनला आला आणि तिथलाच झाला. राजघराणंही हॅनोव्हरहून आलेलं जर्मनच, त्यामुळे दरबारात त्याचं बरं जमलं. १७२३ पासून चॅपल रॉयलसाठी संगीत रचण्याचं पद त्याच्याकडे होतं. (चॅपल रॉयल म्हणजे एखादी इमारत नव्हे, राजाच्या पदरचे पाद्री, गायक आणि शिकाऊ पोरं मिळून जो ताफा होतो तो.) फेब्रुवारी १७२७ मध्ये संसदेच्या कायद्यानं त्याला ब्रिटिश नागरिकत्व मिळालं. त्यावर संमती देणारा पहिला जॉर्ज जूनमध्ये हॅनोव्हरच्या वाटेवर वारला. गादीवर आला दुसरा जॉर्ज, ज्याचं बापाशी वर्षानुवर्षं हाडवैर. ऑगस्टमध्ये चॅपल रॉयलचा ज्येष्ठ संगीतकार विल्यम क्रॉफ्टही गेला. रीतीनं पाहिलं तर त्याच्या जागी येणाऱ्या इंग्रज माणसाकडे राज्याभिषेकाचं काम जायला हवं होतं. ते गेलं हँडेलकडे. ११ ऑक्टोबरच्या सोहळ्यासाठी त्यानं एक सोडून चार अँथम लिहिली. झेडॉक त्यातलं एक.

बर्नी नावाच्या संगीत-इतिहासकारानं एक किस्सा लिहून ठेवलाय. बिशपांनी म्हणे हँडेलकडे शब्द लिहून पाठवले. हा भडकला. आपल्याला बायबल येत नाही असं यांना वाटतं काय! मी माझं बायबल नीट वाचलंय, शब्द माझे मी निवडीन, असं त्यानं सुनावलं. किस्सा घडला असो वा रंगवलेला असो, माणूस त्यात बरोबर सापडतो.

आता संगीताकडे. घरात पेटी असेल तर जवळ घ्या, वाचून जे कळणार नाही ते बोटांना कळेल.

ही रचना डी मेजरमध्ये आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर पांढरी दोनचा सा, आणि सगळे स्वर शुद्ध. (जुन्या धर्तीच्या वाद्यांवर वाजवणारे वाद्यवृंद साधारण अर्धा सूर उतरवून वाजवतात, तेव्हा ती काळी एक ऐकू येते. पेटीवर पांढरी दोनच धरा.) आता पांढरी दोन, काळी तीन आणि पांढरी सहा एकदम दाबा. सा, ग, प. तीन सूर एकत्र वाजले की जो भरलेला आवाज येतो त्याला कॉर्ड म्हणतात. आपलं संगीत एका वेळी एका सुरावर चालतं. सोबतीला तानपुरा असतो, पण गाणाऱ्याची वाट एकेरी. युरोपातलं हे संगीत एका वेळी अनेक सुरांवर चालतं, आणि कुठल्या कॉर्डनंतर कुठला कॉर्ड येतो याच्यावर त्याचा सगळा जीव असतो. राग बदलावा तसा तिथे पावलापावलाला रंग बदलत असतो.

आता तेच तीन सूर एकदम न दाबता एकामागून एक वाजवा, खालून वर: सा, ग, प, वरचा सा. पुन्हा, पुन्हा, जलद. बस. झेडॉकची सुरुवात ही एवढीच आहे. व्हायोलिनं कॉर्ड असा सुटा करून सतत वर चढत राहतात, बाकीची वाद्यं त्याखाली सारख्या ठोक्यांनी सूर धरून ठेवतात. हँडेलनं इथे व्हायोलिनचे नेहमीसारखे दोन गट न करता तीन केलेत, त्यामुळे वीण दाट होते. खर्ज मधूनच थोडा सरकतो. तो सरकला की वरची नक्षी तीच असून तिचा रंग पालटतो, ऊन असताना ढग सरकून गेल्यासारखा. पण चाल अशी नाही. गुणगुणायला काही हाती लागत नाही. हे मी मुद्दाम करून पाहिलंय: दहा वेळा ऐकून झाल्यावर पहिला दीड मिनिट म्हणून दाखवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. तिथे म्हणण्यासारखं काही नाहीच. आहे ती नुसती हालचाल.

ही सुरुवात चार-चार मात्रांच्या २२ घरांची आहे. म्हणजे ८८ मात्रा. तीनतालात मोजाल तर साडेपाच आवर्तनं. साडेपाच आवर्तनं बंदिशीचा मुखडाच आला नाही तर मैफिलीत चुळबुळ सुरू होईल. इथे तेच केलंय, आणि ठरवून केलंय. आपल्याला समेची वाट पाहायची सवय आहे, पण सम कधी येणार हे आपल्याला ठाऊक असतं. मात्रा मोजता येतात, तबलजी खुणा देतो, आपण मान तयार ठेवतो. हँडेल ती सोय देत नाही. कॉर्ड बदलतो तेव्हा वाटतं आता येणार, तो पुन्हा वळतो. आता तरी येणार, पुन्हा वळतो. किती घरं उरलीत हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कळायला वाव नाही.

आणि मग २३ व्या घराच्या तोंडाशी एकदम सात आवाज. उंच आवाजापासून खर्जाकडे उतरत सोप्रानो दोन गट, आल्टो दोन, टेनर एक, बेस दोन. १७२७ मध्ये यातला वरचा आवाज पोरांचा होता, बाकी सगळे पुरुष. सातही ओळी एकाच वेळी एकच शब्द उच्चारतात: ‘झेडॉक’. या जागेला हँडेलच्या, म्हणजे बरोक म्हणतात त्या काळातले रचनाकार एरवी काय करतात, तर एक आवाज सुरू करतात, दुसरा त्याच्या मागून तेच घेऊन येतो, तिसरा त्याच्या मागून, असा पाठशिवणीचा खेळ. हँडेलला तो खेळ उत्तम येत होता. इथे तो खेळत नाही. सगळे एकत्र, शब्द स्वच्छ, एकेका अक्षराला एकेक सूर. दगडी कमानींच्या त्या उंच इमारतीत गुंतागुंत केली असती तर घुमून तिचा गोळा झाला असता. एकत्र उच्चारलेले शब्द मात्र पार टोकापर्यंत पोचतात.

याच घटकेला आणखी एक होतं, आणि रेकॉर्डिंगवर ते चटकन लक्षात येत नाही. तीन ट्रम्पेटवाले आणि नगारा वाजवणारा सुरुवातीची ती ८८ मात्रा हाताची घडी घालून बसलेले असतात. ते गायकांबरोबरच उठतात. त्या काळचा ट्रम्पेट आपल्या तुतारीच्या जातीचा. त्याला भोकं नाहीत, खटके नाहीत, नुसती पितळेची लांब नळी. ओठ आणि फुंकर यांच्यावर जे सूर निघतील तेच. खालच्या सप्तकात मोजकेच निघतात, वर गेलं की जवळजवळ येतात, म्हणून बरोक ट्रम्पेट नेहमी वरच्या पट्टीत चमकत असतो. हे ट्रम्पेट डीचेच असत, म्हणून इंग्लंडातलं थाटामाटाचं संगीत डी मेजरमध्ये सापडतं. पांढरी दोन ही काही हँडेलची लहर नव्हती, ती नळीच्या लांबीनं ठरवलेली. नगाऱ्यांची जोडीही दोनच सुरांना लावलेली, सा आणि प. ट्रम्पेट आणि नगारा हा आवाजच राजाचा होता. आपल्याकडे नगारखाना वाजला की धनी गडावर आहेत हे जसं कळे तसं. म्हणजे राजचिन्हं हँडेलनं दीड मिनिट लपवून ठेवली आणि सादोकाचं नाव आलं तेव्हा बाहेर काढली.

इथे माझं एक मत. आजचे बरेच वाद्यवृंद-संचालक त्या सुरुवातीत आवाज हळूहळू फुगवत नेतात, इतका की गायक येण्याआधीच आपल्याला खिडकीतून वरात दिसलेली असते. आवाज क्रमाक्रमानं चढवण्याची खूण त्या काळच्या कागदांवर सहसा नसते. हळू तर हळू, मोठा तर मोठा, अशा पायऱ्या असत. काही जण शेवटपर्यंत वाद्यं दबकीच ठेवतात. मला ते जास्त आवडतं. दबकं ठेवलं की धडकी भरते.

‘बरोक’ हा शब्द पोर्तुगीज ‘बारोको’वरून आला असं मानतात, अर्थ वेडावाकडा मोती. सुमारे १६०० ते १७५० या काळाच्या कलेला हे नाव पुढच्या पिढ्यांनी जरा नाक मुरडूनच दिलं. जुन्या गोव्यात बॉम जेझसच्या बॅसिलिकेत गेला असाल तर बरोक काय ते तुम्ही पाहिलेलंच आहे. आत शिरल्यावर समोरची ती सोनेरी वेदी आठवा. लाकडाचा प्रत्येक वीतभर तुकडा वळलेला, वेली, पिळाचे खांब, देवदूत, किरणं. पण दोन पावलं मागे येऊन पाहिलं तर आराखडा अगदी साधा, सरळ वर चढत गेलेला. झेडॉक तसंच आहे. जवळून पाहाल तर सुरांची नुसती लगबग. लांबून पाहाल तर तीन खोल्यांचं साधं घर: पहिली वाट पाहण्याची आणि नावं पुकारण्याची, दुसरी नाचाची, तिसरी जयजयकाराची.

नाचाची म्हणजे खरंच नाचाची. ‘आणि सर्व लोकांनी आनंद केला’ हे शब्द आले की चार मात्रांची चाल मोडून तीन मात्रांची सुरू होते, दादऱ्याच्या अंगाची. तंतुवाद्यं लांब-आखूड, लांब-आखूड अशी उसळत जातात. चर्चमध्ये, राजाच्या अभिषेकाला, हा माणूस लोकांना नाचवतो. पण मूळ वचनातही लोक पावे वाजवतच होते की. हा भाग छोटा आहे, आला आला म्हणेस्तोवर जातो.

तिसऱ्या भागात पुन्हा चार मात्रा. ‘गॉड सेव्ह द किंग’, ‘लाँग लिव्ह द किंग’, ‘राजा चिरायू होवो’. हे सगळे एकत्र, ठोक्यावर, घोषणेसारखे. आणि मधूनमधून ‘आमेन’. या आमेनवर कान ठेवा. ‘आ’वर जलद सुरांची लांबलचक माळ सुटते, आपल्या आकाराच्या तानेसारखीच. ती एका आवाजानं घेतली की बाकीचे आवाज तिच्याखाली आखूड आखूड कॉर्डचे ठोके देत राहतात. मग तान दुसऱ्या आवाजाकडे जाते. मग तिसऱ्याकडे. बेसवाल्यांनी इतक्या खालून ती घेतली की मला दर वेळी हसू येतं. हत्तीनं पळत सुटावं तसं वाटतं. पहिल्या भागात जो अक्षराला एक सूर होता, त्याचा इथे पार व्याज-मुदलासह हिशेब फिटतो: दोन अक्षरी शब्द आणि सुरांचा पाऊस.

हे सगळं १७२७ च्या त्या दिवशी कसं झालं असेल? वाईट झालं. तेव्हाच्या एका वर्तमानपत्रानं ४० गायक आणि सुमारे १६० वादक असल्याचं छापलं. वर्तमानपत्री आकडा आहे, थोडा सोडून द्यावा, तरी त्या काळाच्या मानानं ताफा अवाढव्यच होता. ही माणसं ॲबीत वेगवेगळ्या गॅलऱ्यांमध्ये विभागून बसवलेली. कँटरबरीचा आर्चबिशप विल्यम वेक, म्हणजे प्रत्यक्ष अभिषेक करणारा पुरोहित, यानं आपल्या विधीच्या प्रतीवर समासात शेरे मारून ठेवलेत. एके ठिकाणी गायकांच्या हलगर्जीमुळे ठरलेलं अँथम गायलंच गेलं नाही. आणखी एके ठिकाणी, संगीतात सगळा गोंधळ, सगळं अनियमित. लग्नात मंगलाष्टकं सुरू आणि बँडवाल्यांनी भलतंच काहीतरी लावलेलं, असा अनुभव ज्यांच्या गाठीशी आहे त्यांना वेकसाहेबांची जळफळ समजेल.

तरीही ते टिकलं. हँडेलनं स्वतः १७३२ मध्ये आपल्या ‘एस्तर’ या ऑरेटोरिओत (म्हणजे गाण्यांतून सांगितलेल्या धार्मिक कथेत) याच्या संगीताला वेगळे शब्द घालून पुन्हा वापरलं. चांगला माल एकदाच वापरून टाकणाऱ्यांतला तो नव्हता. राज्याभिषेकात मात्र ते मूळ शब्दांनिशीच राहिलं. मध्ये राण्या आल्या, १८३८ ला व्हिक्टोरिया, १९५३ ला एलिझाबेथ. शलमोनाचं ‘किंग’ तसंच ठेवून जयजयकारात ‘किंग’च्या जागी ‘क्वीन’ घातलं. दोन्ही एका अक्षराचे शब्द, एकही सूर हलवावा लागला नाही. आणि २२ जून १९११ ला ज्या पाचव्या जॉर्जसाठी ते गायलं गेलं, तोच त्या वर्षी डिसेंबरात मुंबईला अपोलो बंदरावर उतरला. त्याची आठवण म्हणून गेटवे ऑफ इंडिया उभा आहे. ‘राजा चिरायू होवो’ ऐकताना माझ्यासारख्या माणसाच्या मनात ही कमान येतेच. संगीत आवडतं म्हणून ते कुणासाठी वाजत होतं हे विसरायचं काही कारण नाही. पण एक आहे, आज मी ते ऐकते तेव्हा दुसरा जॉर्ज माझ्या डोळ्यांसमोर क्षणभरही येत नाही.

माझ्या भाच्याला यातलं काही माहीत नाही आणि तरी सुरुवात त्याला पाठ आहे. तो रात्री साडेबारा-दीडला चॅम्पियन्स लीगच्या मॅच बघायला उठतो. खेळाडू रांगेत उभे राहतात तेव्हा जे गाणं वाजतं ते टोनी ब्रिटन यांनी १९९२ मध्ये झेडॉकवरून केलं. शब्द नवे, इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन असे तिन्ही भाषांतले. पण व्हायोलिनचं ते चढत जाणं आणि मग गायकांचा एकत्र घोष, ही कल्पना हँडेलची. मी त्याला एकदा मूळ रचना ऐकवली. गायक आल्यावर तो म्हणाला, “मावशी, हे तर गोल झाल्यासारखं आहे.” त्याच्या गाण्यात गोल लवकर होतो, हा फरक. मैदानावर साडेपाच आवर्तनं कोण थांबणार?

मूळ रचना पूर्ण ऐकायला साडेपाच-सहा मिनिटं लागतात. पहिल्यांदा ऐकताना मोबाइलवरची सरकपट्टी झाकून ठेवा. गायक कधी येणार ते तिथे दिसतं आणि मग सगळी मजाच जाते. दुसऱ्यांदा ऐकताना फक्त खर्जाकडे लक्ष द्या. तिसऱ्यांदा आमेनच्या ताना कुणाकडून कुणाकडे जातात ते धरा.

आणि अगदी शेवट पेटीवर वाजवून पाहा. ताना संपतात, घोड्यांचे लगाम खेचावे तशी लय एकदम संथ होते, आणि एकच ‘हालेलूया’ उरतं. त्याला कॉर्ड असे: आधी म, ध आणि वरचा सा, म्हणजे पांढरी पाच, पांढरी सात आणि वरची पांढरी दोन. मग सा, ग, प वरच्याच सप्तकात, पहिल्यांदा धरले होते तेच. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना बाकीची बोटं हलतात. पांढरी दोनवरचं बोट उचलू नका. तो सा दोन्हीत आहे.